खोक्यातलं पाणी

१९९८च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत दोन वस्तू बाजारात आल्या. त्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. पहिली वस्तू म्हणजे ॲपलचा आयमॅक. निळसर, अर्धपारदर्शक, आतल्या पत्र्यांची आणि तारांची धूसर आकृती बाहेरून दिसेल असा. दुसरी, इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर. त्याचं कौतुक व्हावं अशी खुद्द इंटेलचीही अपेक्षा नव्हती. आज यूट्यूबवर काचेच्या पेटीत रंगीत पाणी फिरवणारे जे कॉम्प्युटर दिसतात, त्यांचं कूळ शोधत मागे गेलो तर या दोघांपाशी थांबावं लागतं. एकाने यंत्राच्या आत डोकावायची चटक लावली, दुसऱ्याने आत हात घालायची.

तोवर घरातला कॉम्प्युटर म्हणजे मळकट पांढऱ्या रंगाचा पत्र्याचा खोका. टेबलाखाली किंवा मॉनिटरच्या बुडाशी बसणारा. आपल्याकडे तर त्याला खोळ घालायची पद्धत होती. मिक्सरला असते तशी, कडेला झालर लावलेली. वापर झाला की खोळ चढवायची. आत काय आहे हे पाहायचं कारणच नव्हतं. बहुतेक खोक्यांना मागे एक स्टिकर असायचा आणि तो फाटला की वॉरंटी गेली, एवढंच घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायचं.

सेलेरॉन ३००ए ही भानगड काय होती, ते जरा सावकाश बघू, कारण पुढची सगळी कथा तिथून सुटते. प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकाराने ठरतो. मदरबोर्डचा मूळ ठेका आणि प्रोसेसरचा गुणक. सेलेरॉनचा गुणक इंटेलने साडेचारवर कुलूपबंद केला होता. ठेका ६६ मेगाहर्ट्झ, गुणिले साडेचार, म्हणजे ३००. पण त्याच वर्षी महागड्या पेंटियम टूसाठी १०० मेगाहर्ट्झच्या ठेक्याचे मदरबोर्ड आले होते. स्वस्त चिप महाग बोर्डावर बसवायची, ठेका १०० करायचा, आणि ३००चा प्रोसेसर ४५०वर धावायला लागायचा. काही बोर्ड ऐकत नसत. मग चिपच्या कार्डावरच्या बी-२१ या एका पट्टीवर चिकटपट्टी किंवा नेलपॉलिश लावून तिचा संपर्क तोडायचा, की बोर्ड फसायचा. सुमारे दीडशे डॉलरची चिप साडेसहाशे डॉलरच्या चिपच्या मांडीला मांडी लावून बसायची. इंटेलने विकताना जो फरक सांगितला होता, त्यातला बराचसा फक्त बाजारपेठेचा होता, सिलिकॉनचा नव्हता. हे उघडं पडलं तेव्हा हजारो पोरांना आपल्या खोक्याकडे बघायची नवी नजर मिळाली.

अर्थात फुकट काही नव्हतंच. चिपमध्ये तयार होणारी उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि विजेच्या दाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते. चिप ४५०वर अडखळायला लागली की लोक तिचा दाब दोन व्होल्टवरून २.२वर न्यायचे. हिशेब करा: वेग दीडपट, दाबाचा वर्ग १.२१ पट, म्हणजे उष्णता सुमारे १.८ पट. मग मोठा पंखा. मग आणखी एक पंखा. मग खोलीत हेअर ड्रायर चालू असल्यासारखा आवाज. दोन वर्षांनी एएमडीच्या ॲथलॉन चिपवरचं कुलूप साध्या पेन्सिलीने उघडतं असा शोध लागला. चिपच्या पाठीवरच्या तुटक ठिपक्यांवर ग्राफाइट घासलं की ते जोडले जायचे आणि गुणक मोकळा व्हायचा. त्या ॲथलॉनचं वरचं मॉडेल सत्तरहून अधिक वॉट उष्णता टाकत असे, तीही नखाएवढ्या सिलिकॉनवर. २००१ साली टॉम्स हार्डवेअरने एक व्हिडिओ केला. गेम चालू असताना प्रोसेसरवरचा पंखा आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा काढून टाकला. ॲथलॉनमधून क्षणात धूर निघाला. पेंटियम फोर मात्र स्वतःहून मंदावला, रांगत राहिला, पण जगला.

हा मंदावणारा पेंटियम लक्षात ठेवा. गरम झालेल्या यंत्रापुढे दोनच रस्ते असतात: काम कमी करायचं किंवा उष्णता बाहेर न्यायची. यातलं काय करायचं हे कोण ठरवणार, यावरच हा सगळा छंद उभा आहे.

हवा उष्णता वाहून नेण्याच्या कामात अगदीच सुमार. तेवढ्याच घनफळाचं पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं. मिनिटाला फक्त एक लिटर पाणी फिरवलं, तर ३०० वॉट उष्णता घेऊनही त्याचं तापमान जेमतेम साडेचार अंशांनी वाढतं. हे काही नवं ज्ञान नव्हतं. इंजिनवाल्यांना ते शंभर वर्षं ठाऊक होतं आणि मोठ्या कॉम्प्युटरवाल्यांनाही. आयबीएमच्या साठच्या दशकातल्या सिस्टिम ३६० मालिकेतल्या सगळ्यात वेगवान यंत्रांत पाणी फिरत होतं. १९८०च्या ३०८१मध्ये तर शंभरेक चिपांच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेले ॲल्युमिनियमचे दट्टे, भोवती हेलियम वायू, आणि वर थंड पाण्याची पाटी, असा थाट होता. अशा यंत्रासाठी इमारतीत नळकाम करावं लागे. सेमूर क्रेचं क्रे-१ हे १९७६चं यंत्र ११५ किलोवॉट वीज खायचं आणि फ्रिऑनवर थंड व्हायचं. सुरुवातीला त्याच्या नळ्यांमधून फ्रिऑनबरोबर वंगणतेल झिरपून सर्किटांवर बसायचं. ही गळतीची कटकट सोडवायला नळ्या जोडायची नवी पद्धत बसवावी लागली. पुढे १९८५च्या क्रे-२मध्ये तर त्याने सगळी सर्किटंच फ्लुओरिनर्ट नावाच्या निष्क्रिय द्रवात बुडवली. शेजारी पारदर्शक टाक्यांमधून तो द्रव धबधब्यासारखा खळाळताना दिसायचा. यंत्राचं लाडाचं नाव ‘बबल्स’. थंड करण्याच्या सोयीचाच देखावा करायची हौस ही काही गेमिंगवाल्या पोरांची देणगी नव्हे.

(क्रेचा आपल्याशीही संबंध आहे. भारताला क्रे एक्स-एमपी यंत्र हवं होतं. अमेरिकेने मोठं मॉडेल नाकारून लहान दिलं, तेही हवामानाच्या कामापुरतं. त्या अनुभवातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि १९९१मध्ये परम ८०००.)

गंमत अशी की नव्वदीच्या मध्यावर मोठी यंत्रं पाण्यापासून दूर चालली होती. आयबीएमने १९९४पासून आपल्या मेनफ्रेममध्ये कमी वीज खाणारं सीमॉस तंत्र आणलं. चिपा गार झाल्या, नळ निघाले, पंखे आले. कॉम्प्युटर खोल्यांमधलं नळकाम भंगारात निघत होतं, नेमकं त्याच सुमारास विशी-पंचविशीतली पोरं आपल्या टेबलाखालच्या खोक्यात पाणी आणायला निघाली.

त्यांच्यासाठी दुकानात काहीच नव्हतं. म्हणून जे सापडेल ते. पंप माशांच्या टाकीचा, त्यातही जर्मनीच्या आयहाइम कंपनीचा, कारण तो वर्षानुवर्षं न थांबता चालतो आणि आवाज करत नाही. रेडिएटर मोटारीचा. पण पुढचा मोठा नव्हे, हीटरचा. थंड देशांत गाडीच्या आतल्या हीटरसाठी डॅशबोर्डमागे एक वहीएवढा छोटा रेडिएटर असतो. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा त्यावरून ऊबदार हवा माणसांकडे ढकलतो. या कामासाठी १९७७च्या पाँटियॅक बोनव्हिलचा हीटर उत्तम, हे ज्ञान इतकं पसरलं की वीस-पंचवीस वर्षं जुन्या मोटारीचा हा भाग कधी मोटार न चालवलेली मुलं मागायला लागली. नळ्या प्रयोगशाळेतल्या. आणि प्रोसेसरवर बसणारा ‘वॉटर ब्लॉक’, म्हणजे आतून पाणी वाहू देणारा तांब्याचा ठोकळा, हा तर घरीच करायचा. तांब्याचा तुकडा घ्यायचा, ड्रिलने आडवी-उभी भोकं पाडायची, नको ती तोंडं बुजवायची, बूड काचेवर सँडपेपर ठेवून आरशासारखं होईपर्यंत घासायचं. ज्याच्या काकाकडे मिलिंग मशीन असेल त्याची चंगळ.

चुका कुठे होतात हेही असंच कळत गेलं. ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा ठेवला, तर मधल्या पाण्यामुळे चक्क बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. नळाचं पाणी घातलं तर क्षार बसतात. डिस्टिल्ड पाणी घातलं, आपल्याकडे इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात तेच, तरी काही महिन्यांत पारदर्शक नळीत शेवाळं धरतं. मग त्यात जंतुनाशकाचे थेंब किंवा चांदीच्या तारेचं वेटोळं सोडायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: जोडणी पुरी झाली की नुसता पंप चालू करायचा, कॉम्प्युटर नाही. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवायचा आणि रात्रभर वाट पाहायची. सकाळी कागद कोरडा असेल तरच वीज.

यातला माझा सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे ‘बाँग कूलर’. नाव हुक्क्यावरून पडलं, काम मात्र माठाचं. प्लंबिंगचा चार-पाच फुटी जाड पाइप उभा करायचा, वरून शॉवरच्या झारीने कॉम्प्युटरचं गरम पाणी पाडायचं, खालून पंख्याने हवा चढवायची. थोडं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि उरलेलं गार होतं. साध्या रेडिएटरचं पाणी कधीच खोलीच्या तापमानाखाली जात नाही. इथे मात्र ते जातं. रोज पाण्याची भर घालावी लागते आणि खोली दमट होते, हा भाग वेगळा. हाच प्रयोग नागपूरच्या मे महिन्यात झकास चालेल आणि मुंबईच्या मे महिन्यात त्याची फजिती होईल. वाळ्याचा कूलर नागपुरात चालतो आणि दादरला चालत नाही, त्याच कारणाने. हवेतच पाणी भरलेलं असेल तर ती आणखी कुठे घेणार? त्यातही पाणी फार गार केलंच तर मुंबईच्या दमट हवेत नळ्यांवर दव जमणार, आणि मदरबोर्डवर दव म्हणजे गळतीच.

एवढं सगळं खोक्यात मावणार कसं? इथे आयमॅकवाला धागा येऊन मिळतो. रेडिएटरसाठी छपराला भोक पाडावंच लागे. त्या भोकाला ‘ब्लोहोल’ म्हणायचे. पत्रा कापायची भीती एकदा मोडली की माणूस थांबत नाही. आतलं सगळं सामान काढून ठेवायचं, कारण लोखंडाचा कीस बोर्डावर पडला तर खेळ खलास. पत्र्यावर मास्किंग टेप लावून त्यावर पेनाने आकृती काढायची, जिगसॉने कापायचं, कडा कानशीने घासायच्या. मग ॲक्रिलिकचा तुकडा बसवायचा, आणि मोटारीच्या दाराला असतं तसलं रबर कडेने दाबायचं. झाली खिडकी. आत निळा कॅथोड दिवा. आता डबा बंद करूनही आतलं सगळं दिसतंय.

हे दाखवायचं कुणाला? तर लॅन पार्ट्यांमध्ये. इंटरनेट मंद होतं त्या काळात एकत्र खेळायचं म्हणजे आपापला कॉम्प्युटर उचलून एका सभागृहात न्यायचा आणि तारांनी जोडायचा. टेक्सासमधलं क्वेककॉन १९९६मध्ये सुरू झालं, स्वीडनमधलं ड्रीमहॅक त्याच्याही आधी. रांगेत शेकडो एकसारखे मळकट खोके. त्यात आपला ओळखू यावा ही साधी गरज. कुणी लाकडाचा केला, कुणी बंदुकीच्या दारूगोळ्याच्या पेटीत बसवला. पंधरा-वीस किलोंचं, पोटात पाणी असलेलं यंत्र गाडीत घालून नेताना काय होत असेल, याची कल्पना गणपती विसर्जनाला नेणाऱ्यांना नक्की येईल.

या पोरांना जी भिंत दिसत होती तीच बड्या कंपन्यांसमोर यायला थोडाच वेळ लागला. चिपांची उष्णता अशीच वाढत राहिली तर त्या अणुभट्टीच्या आणि पुढे रॉकेटच्या नळकांड्याच्या पातळीला जातील, असा इशारा इंटेलच्याच पॅट गेलसिंगर यांनी २००१मध्ये दिला होता. २००४मध्ये सगळं एकदम अंगावर आलं. शंभर वॉटच्या घरातला पेंटियम फोर आला. पुढची ‘तेहास’ चिप इंटेलने मे महिन्यात रद्द केली. ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचं आश्वासन मागे घेतलं, आणि प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर मंचावर, काहीशा थट्टेत, गुडघे टेकून माफी मागितली. ॲपलची गोष्ट आणखी बोलकी. स्टीव्ह जॉब्स यांनी जून २००३मध्ये वर्षभरात ३ गिगाहर्ट्झचा जी-फाइव्ह देतो म्हणून सांगितलं. वर्षाने दिला तो अडीचचा, आणि तेवढ्यासाठीही आत द्रव फिरवावा लागला. अर्थात ॲपलच्या खोक्यात खिडकी नव्हती. वापरणाऱ्याने बघायचं काही नव्हतं, राखायचंही नव्हतं. काही वर्षांनी यातल्या काही यंत्रांत गळती सुरू झाली आणि ती अनेकांना कळली तेव्हा बोर्ड आणि वीजपुरवठा खाऊन झाला होता. टिश्यू पेपर ठेवायला जागा नसलेल्या डब्यात असंच होणार.

यानंतरचा इतिहास मला तितकासा रमवत नाही, म्हणून भरभर सांगतो. जर्मनी, स्लोव्हेनिया, अमेरिकेत छोटे कारखाने निघाले आणि ब्लॉक, रेडिएटर, तोट्या तयार मिळू लागल्या. माशांच्या पंपाची जागा लाइंग कंपनीच्या पंपाने घेतली, जो मुळात इमारतीतलं गरम पाणी फिरवण्यासाठी होता. डेन्मार्कच्या असेटेकने पंप आणि ब्लॉक एकाच डबीत घालून, कारखान्यातच पाणी भरून, कायमचं बंद करून विकायला आणलं. २००९चं कॉर्सेअर एच-५० हे त्यातलं गाजलेलं. चार स्क्रू पिळा, झालं. असेटेकने या रचनेच्या पेटंटवरून कूलर मास्टरच्या अमेरिकी शाखेला कोर्टात खेचलं आणि २०१४मध्ये ज्युरीने असेटेकच्या बाजूने कौल दिला. दहा वर्षांपूर्वी ज्याची कृती एकमेकांना फुकट सांगायचे, त्यावर आता रॉयल्टीचे टक्के मोजले जात होते.

खोकेही बदलले. आता भोक पाडायला नको, बाजू काचेचीच येते. मऊ नळ्या जाऊन ॲक्रिलिकच्या कडक नळ्या आल्या. त्यांना काटकोनात वळवणं ही मात्र खरी कारागिरी आहे, ती नाकारू नये. नळीत सिलिकॉनची दोरी घालायची, म्हणजे वळताना ती चेपत नाही, हीट गनखाली फिरवत राहायचं, आणि मऊ पडली की एका दमात वळवायची. बुडबुडा आला की नळी फुकट. पण या सगळ्याने वेग किती वाढतो? जवळपास काहीच नाही. आजच्या चिपा थंडावा मिळाला की आपल्या आपणच मर्यादेपर्यंत धावतात. नेलपॉलिशने काढून घ्यावं असं इंटेल-एएमडीने मागे फारसं ठेवलेलंच नाही. उरतं ते रूप आणि शांतता. रूपासाठी काही जण दुधी, पेस्टल रंगाचे द्रव घालतात. काही महिन्यांत त्यातला रंग तळाशी बसतो आणि ब्लॉकच्या केसाएवढ्या फटी तुंबतात. चांगलं चाललेलं यंत्र शोभेपायी आजारी पाडायचं, हे मला पटत नाही. पण ज्याची नळी त्याची हौस.

आपल्याकडे हा छंद उशिरा आणि थोड्यांत आला. लॅमिंग्टन रोडवर मदरबोर्ड-रॅम घेऊन मशीन ‘असेंबल’ करून घेणं ही आपली पिढीजात सवय, पण पाण्याचं सामान बाहेरून यायचं आणि महाग पडायचं. शिवाय रेडिएटरचा नियम आपल्याला जास्त जाचतो. खोली ४२ अंशांवर असेल तर पाणी पन्नाशीच्या आसपास बसणार आणि चिप त्याच्याही वर. स्वीडनच्या आकड्यांशी नागपूरच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. घरोघरी नाही, तरी पाणी परत मोठ्या यंत्रात आलंच. पुण्यात आयसरमध्ये २०१९ साली बसवलेला परम ब्रह्म थेट चिपांवर द्रव फिरवून थंड होतो. आणि २०२४मध्ये एनव्हिडियाने एआयसाठी आणलेलं कपाट, ज्यात ७२ ग्राफिक्स प्रोसेसर असतात, द्रवावरच चालतं. त्या एका कपाटाची वीज सुमारे १२० किलोवॉट. क्रे-१ची ११५ होती.

राहिला फोन. उन्हात कॅमेरा चालू ठेवला की तो गरम होतो, स्क्रीन मंद होते, गेम अडखळतो, चार्जिंग थांबतं. तो २००१मधल्या त्या पेंटियमसारखा रांगायला लागलेला असतो, आणि कधी रांगायचं हे तुम्हाला न विचारता ठरतं. पण अनेक महागड्या फोनांत ‘व्हेपर चेंबर’ असतो, कागदासारखी चपटी तांब्याची पोकळ पाटी. तिच्या पोटात काही थेंब पाणी भरून, हवा काढून, कडा बंद केलेल्या असतात. चिपपाशी ते पाणी उकळतं, दुसऱ्या टोकाला वाफ थिजते, आणि तांब्याच्या जाळीतून शोषलं जात पुन्हा चिपपाशी येतं. पंप नाही, तोटी नाही. वरून गोंदाने चिकटवलेली काच.